सर्वोच्च न्यायालयातील दिवाणी अपिले : ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक परिचय

जमिनीची वाटणी, वडिलांचे मृत्युपत्र, बहिणीचा हिस्सा, मोडलेला विवाह अशा विषयांवरील वाद आपल्या समाजाला नवे नाहीत. चर्चच्या कार्यालयात येऊन हातातील कागदपत्रांची फाईल उघडणारी माणसे बोलण्याच्या शेवटी बहुधा एकच वाक्य उच्चारतात : "फादर, वेळ पडली तर सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ." ह्या वाक्यामागे जिद्द असते, दुखावलेले मन असते आणि बहुतेक वेळा एक गैरसमजही असतो. सर्वोच्च न्यायालय म्हणजे तोच खटला पुन्हा पहिल्यापासून चालविण्याचे शेवटचे ठिकाण, हा तो गैरसमज होय.

वस्तुस्थिती निराळी आहे. दिवाणी प्रकरणांत सर्वोच्च न्यायालय प्रामुख्याने कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर देते. ते उत्तर त्या दोन पक्षकारांपुरते मर्यादित राहत नाही, तर देशातील सर्वांसाठी कायदा ठरते. म्हणूनच ज्यांनी आयुष्यात कधी न्यायालयाची पायरी चढलेली नाही, अशा कुटुंबांच्या विवाहावर, वारसाहक्कावर आणि मृत्युपत्रावरही दिल्लीतील निकालांचा परिणाम होत असतो. हे अपील म्हणजे काय, ते कोणत्या वाटेने जाते आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने आजवर काय ठरविले आहे, ह्याची ओळख ह्या लेखात करून देत आहोत.

दिल्लीपर्यंतची वाट

वसईतील एखाद्या वाडीच्या वाटणीचा दावा उदाहरणादाखल घेऊ. तो प्रथम दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. तेथे साक्षीपुरावे होतात, दस्तऐवज दाखल होतात, उलटतपासणी होते आणि अखेरीस हुकूमनामा होतो. त्यावर जिल्हा न्यायालयात पहिले अपील करता येते. ह्या अपिलात पुराव्याचे मूल्यमापन पुन्हा होऊ शकते. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात दुसरे अपील करता येते, मात्र तेथे दार अरुंद होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच उच्च न्यायालय ते ऐकते, आणि तो प्रश्न न्यायालयाला लेखी स्वरूपात निश्चित करावा लागतो. ह्या सर्व पायऱ्यांनंतर सर्वोच्च न्यायालय येते.

ह्याचा अर्थ असा की, बांध कोणी सरकवला, वडिलांनी सही केली तेव्हा ते शुद्धीवर होते काय, पैसे दिले की नाही, अशा वस्तुस्थितीच्या प्रश्नांचा निर्णय खालच्या दोन न्यायालयांतच बहुतांशी संपलेला असतो. जो साक्षीदार तेथे उभा केला नाही, जो कागद तेथे दाखल केला नाही, तो दिल्लीत सादर करू असे म्हणणाऱ्याच्या पदरी सहसा निराशा येते. खटल्याची खरी मेहनत पहिल्या न्यायालयात करायची असते.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. सातबाऱ्यावरील नोंद, फेरफार, वारसनोंद ह्यांसंबंधीच्या तक्रारी महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतात. फेरफाराची नोंद प्रामुख्याने महसुलाच्या प्रयोजनासाठी असते आणि केवळ तिच्या आधारे मालकी हक्क निर्माण होत नाही वा नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयातच सोडवावा लागतो.

थोडा इतिहास

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील दिवाणी वादांचे शेवटचे अपील लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. १९३७ साली दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झाले. परंतु प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार पूर्णपणे संपुष्टात आला तो १९४९ च्या कायद्याने. राज्यघटना अमलात आल्यावर २८ जानेवारी १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाचे उद्‌घाटन झाले. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले हरिलाल कानिया हे पहिले सरन्यायाधीश होत. आरंभी न्यायालयाचे कामकाज संसद भवनाच्या इमारतीत चाले. १९५८ साली ते टिळक मार्गावरील आजच्या वास्तूत आले. आरंभी सरन्यायाधीशांसह ८ न्यायाधीशांची तरतूद होती. ही संख्या वेळोवेळी वाढत २०१९ साली ३४ झाली.

मूळ राज्यघटनेतील अनुच्छेद १३३ नुसार वादाचे मूल्य २०,००० रुपये किंवा अधिक असेल तर दिवाणी अपिलाचा मार्ग मोकळा होत असे. साहजिकच ज्याची मिळकत मोठी त्याला दिल्लीचे दार सुलभ आणि गरिबाच्या वादात कायद्याचा गहन प्रश्न असूनही त्याला ते अवघड, असा प्रकार होई. १९७२ च्या तिसाव्या घटनादुरुस्तीने पैशाची ही अट काढून टाकण्यात आली. तेव्हापासून मिळकतीच्या किमतीपेक्षा प्रश्नाच्या महत्त्वाला मान मिळाला.

आत जाण्याचे दोन दरवाजे

आज उच्च न्यायालयाच्या दिवाणी निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग प्रमाणपत्राचा. अनुच्छेद १३३ व १३४-अ अन्वये उच्च न्यायालय स्वतः प्रमाणित करते की, ह्या प्रकरणात सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न गुंतलेला आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयाने सोडविणे आवश्यक आहे. ह्या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. असे प्रमाणपत्र क्वचितच मिळते.

दुसरा मार्ग विशेष अनुमती याचिकेचा. अनुच्छेद १३६ नुसार सर्वोच्च न्यायालय स्वेच्छाधिकाराने देशातील कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्यास अनुमती देऊ शकते. लष्करी न्यायालये व न्यायाधिकरणे तेवढी ह्यातून वगळलेली आहेत. बहुसंख्य दिवाणी प्रकरणे ह्याच दरवाजाने येतात. मात्र 'स्वेच्छाधिकार' हा शब्द येथे निर्णायक आहे. अनुच्छेद १३६ पक्षकाराला अपिलाचा हक्क देत नाही. तो न्यायालयाला अपील ऐकण्याचा अधिकार देतो. उच्च न्यायालयाचा निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावर भागत नाही. गंभीर अन्याय झाला आहे किंवा कायद्याचा असा प्रश्न आहे की ज्याचे उत्तर सर्वांना हवे आहे, हे पहिल्याच सुनावणीत पटवून द्यावे लागते, आणि ती सुनावणी पुष्कळदा काही मिनिटांतच आटोपते.

ह्याखेरीज काही विशेष कायद्यांनी थेट अपिलाची सोय केलेली आहे. उदाहरणार्थ, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय आयोगाने मूळ तक्रारीवर दिलेल्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

याचिकेचे अपील केव्हा होते?

विशेष अनुमती याचिका आणि दिवाणी अपील ह्या दोन भिन्न अवस्था आहेत. याचिका दाखल होते तेव्हा पक्षकार दाराबाहेर उभा असतो. अनुमती मिळाली की तिचे दिवाणी अपिलात रूपांतर होते, तिला नवा क्रमांक मिळतो आणि वादाचा गुणदोषांवर विचार सुरू होतो.

हा भेद २००० सालच्या एका महत्त्वाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर विशद केला आहे. अनुमती नाकारून, कारणे न देता याचिका फेटाळली, तर उच्च न्यायालयाच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले असा त्याचा अर्थ होत नाही. न्यायालयाने फक्त हस्तक्षेप केला नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु अनुमती देऊन अपिलाचा निकाल लागला की खालच्या न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात विलीन होतो, मग तो कायम झालेला असो, बदललेला असो वा रद्द झालेला असो. म्हणून "सुप्रीम कोर्टानेही आमच्याच बाजूने निकाल दिला" असे कोणी सांगितले, तर केवळ याचिका फेटाळली गेली की अपिलाचा निकाल लागला, हे विचारून घ्यावे.

एक उदाहरण पाहू. दिल्लीतील एका अविवाहित ख्रिस्ती मातेला आपल्या बचतीसाठी व विम्यासाठी मुलाचे नाव वारस म्हणून नोंदवायचे होते. त्यासाठी तिच्याकडे पालकत्वाचा आदेश मागण्यात आला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे पालकत्वाच्या अर्जाची नोटीस आई-वडिलांना द्यावी लागते. मातेने मुलाच्या पित्याचे नाव उघड करण्यास नकार दिला. खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. दिल्ली उच्च न्यायालयानेही तिला दाद दिली नाही. २०११ साली तिने विशेष अनुमती याचिका दाखल केली. अनुमती मिळाल्यावर ती २०१५ चे दिवाणी अपील बनली आणि ६ जुलै २०१५ रोजी तिच्या बाजूने निर्णय झाला. निकालपत्रात तिचे नाव न देता केवळ आद्याक्षरांसारखी तीन अक्षरे वापरली गेली.

न्यायालयाने सांगितले की, विवाहबाह्य जन्मलेल्या आणि एकट्या आईने वाढविलेल्या मुलाच्या बाबतीत, मुलाशी काहीही संबंध न ठेवलेल्या पित्याला नोटीस देणे अनिवार्य नाही; मुलाचे हित सर्वांत श्रेष्ठ आहे. त्याचबरोबर अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास मुलाचा जन्मदाखला तिला मिळाला पाहिजे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. ती माता आपल्या एका मुलासाठी न्यायालयात गेली होती. परंतु अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असल्यामुळे, जन्मनोंदणी कार्यालयाच्या खिडकीपाशी एकटी उभी राहणारी प्रत्येक माता आज त्या निर्णयाचा आधार घेऊ शकते. दिवाणी अपिलाचे खरे सामर्थ्य ते हेच.

विवाह : चर्चचा निर्णय आणि न्यायालयाचा हुकूमनामा

धर्मग्रामाच्या कार्यालयात वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा : "धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाने आमचा विवाह रद्दबातल ठरविला आहे. आता दुसरा विवाह करण्यास हरकत नाही ना?"

चर्चच्या कायद्यानुसार न्यायाधिकरणाचा असा निर्णय म्हणजे घटस्फोट नव्हे. विवाहाच्या वेळीच काही मूलभूत दोष असल्यामुळे वैध विवाह झालाच नव्हता, अशी ती घोषणा असते. संस्काराच्या दृष्टीने तो निर्णय पूर्ण महत्त्वाचा आहे. परंतु देशाच्या दिवाणी कायद्यात त्याचे स्थान काय, हा प्रश्न एका दिवाणी अपिलाद्वारे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केरळमधील एका स्त्रीचा पहिला विवाह चर्चच्या न्यायाधिकरणाने रद्दबातल ठरविला होता. तद्‌नंतर तिचा दुसरा विवाह झाला. हा दुसरा विवाह वैध होता काय, असा वाद होता. न्यायालयाने निर्णय दिला की, १८६९ चा घटस्फोट कायदा ख्रिस्ती विवाह विसर्जित करण्याचा वा रद्दबातल ठरविण्याचा अधिकार फक्त दिवाणी न्यायालयांना देतो. चर्चच्या न्यायाधिकरणाच्या आदेशाने कायद्याच्या दृष्टीने पहिला विवाह संपुष्टात येत नाही. सबब दुसरा विवाह वैध नाही.

पुढे कर्नाटकातील ज्येष्ठ कॅथोलिक वकील क्लॅरेन्स पायस ह्यांनी जनहित याचिका करून चर्चच्या न्यायाधिकरणाच्या निर्णयांना दिवाणी मान्यता मिळावी अशी मागणी केली. १९ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालाचा आधार घेऊन ती याचिका फेटाळली. हा विषय आता संदिग्ध राहिलेला नाही.

म्हणून दोन्ही निर्णय आवश्यक आहेत : संस्कारासाठी चर्चचा आणि कायद्यासाठी दिवाणी न्यायालयाचा. केवळ पहिल्यावर विसंबून दुसरा विवाह करणाऱ्या व्यक्तीवर द्विभार्या-द्विपतित्वाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. शिवाय दुसऱ्या जोडीदाराचे पेन्शन, वारसा व विम्याचे हक्क धोक्यात येतात. ह्या चुकीची किंमत बहुतेक वेळा ज्या स्त्रीचा काहीच दोष नाही तिला मोजावी लागते. ह्या कारणास्तव दुसऱ्या विवाहाच्या वेळी धर्मगुरूंनी न्यायालयाचा हुकूमनामा मागितला, तर ती अडवणूक आहे असे कोणी समजू नये.

दिवाणी न्यायालयाची वाट पूर्वीइतकी खडतरही राहिलेली नाही. २००१ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती पती-पत्नींना घटस्फोटासाठी समान कारणे उपलब्ध झाली, परस्पर संमतीची तरतूद आली आणि हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाची मंजुरी घेण्याची जुनी अट रद्द झाली. ह्या दुरुस्तीपूर्वी केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली स्त्रियांवर अन्याय करणाऱ्या जुन्या तरतुदींवर आघात केला होता, हेही स्मरणात ठेवले पाहिजे.

वारसाहक्क : लेकीचा वाटा

वारसाहक्कातील सर्वांत गाजलेला निकाल मेरी रॉय ह्यांचा. तांत्रिकदृष्ट्या ते अपील नव्हते. मूलभूत हक्कांचा भंग होत असेल तर अनुच्छेद ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका करता येते. तो मार्ग त्यांनी पत्करला. १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार, वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, १९५१ सालीच तो कायदा रद्द झाला असून तेव्हापासून तेथील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांनाही हाच १९२५ चा कायदा लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र न करता पती निधन पावल्यास व मुले असल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा व मुलगी ह्यांना समान वाटा मिळतो. मुलगी विवाहित असल्याने तिचा वाटा कमी होत नाही. "तिच्या लग्नात खर्च केला" हे कारण सांगून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत आपल्याकडेही आहे. कायदा तसे सांगत नाही, आणि ते न्याय्यही नाही.

मेरी रॉय ह्यांच्या प्रकरणातून आणखी एक बोध होतो. सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व प्रस्थापित केले. परंतु प्रत्यक्ष वाटा पदरात पाडून घेण्यासाठी त्यांना पुन्हा खालच्या न्यायालयात अनेक वर्षे झगडावे लागले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या लढ्याचा लाभ स्वतः त्यांच्यापेक्षा इतर लेकींना कितीतरी अधिक झाला.

मृत्युपत्र : धर्मादाय देणगी आणि प्रोबेट

भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ नुसार, पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला मृत्युपत्राद्वारे धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी मिळकत देण्यावर कडक बंधने होती. मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी केलेले असावे आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते विहित ठिकाणी जमा केलेले असावे, अशा त्या अटी होत्या. केरळमधील धर्मगुरू फादर जॉन वल्लमट्टम ह्यांच्या याचिकेवर २१ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या तत्त्वाचा भंग करणारे म्हणून घटनाबाह्य ठरविले. मरणाची तारीख कोणालाच ठाऊक नसताना बारा महिन्यांची अट घालणे तर्कसंगत नव्हते.

प्रोबेटची कथा वेगळी आहे. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगण्यासाठी आधी प्रोबेट घ्यावे लागते, हा कलम २१३ चा नियम भेदभाव करणारा आहे असे म्हणणाऱ्या याचिका २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्या. परंतु पुढच्याच वर्षी, २००२ साली, संसदेने कायद्यात दुरुस्ती करून भारतीय ख्रिस्ती व्यक्तींची मृत्युपत्रे त्या नियमातून वगळली. न्यायालयात हार झाली म्हणजे प्रश्न कायमचा मिटला असे नव्हे. कायदा बदलण्याचे काम संसदेचे आहे आणि संघटित समाजाने तेथेही आपले म्हणणे मांडावयाचे असते.

गोव्याचे मूळ, मुंबईची मिळकत

मुंबईत स्थायिक झालेल्या गोवेकर कुटुंबांना १३ सप्टेंबर २०१९ चा निकाल जिव्हाळ्याचा वाटेल. मूळ गोव्याच्या एका गृहस्थाने मुंबईतील आपले घर मृत्युपत्राद्वारे धाकट्या मुलीला दिले आणि इतर दोन मुलींना प्रत्येकी ३,००० रुपये ठेवले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. गोव्यात चालत आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. तो मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. भारतीय वारसा कायद्यात मात्र असे बंधन नाही. मग मुंबईतील घराला कोणता कायदा लागू?

सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी अपिलात ठरविले की, गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या वारशाला गोव्यात लागू असलेला कायदाच लागू होतो, मग मिळकत भारतात कोठेही असो. न्यायमूर्ती दीपक गुप्ता ह्यांनी हा निकाल लिहिला. वडिलांचे निधन आणि अंतिम उत्तर ह्यांमध्ये ५२ वर्षे लोटली होती. ज्यांची मुळे गोव्यात आणि घरे मुंबई, ठाणे वा वसईत आहेत, त्यांनी मृत्युपत्र करण्यापूर्वी आपला कायदेशीर अधिवास कोणता, हे जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावे.

चर्चमधील वाद

श्रद्धेचे सत्य न्यायालय ठरवीत नाही. परंतु चर्चची मालमत्ता, पद आणि कारभार ह्यांविषयीचा वाद दिवाणी स्वरूपाचा असू शकतो. केरळमधील ऑर्थोडॉक्स व जेकोबाईट पक्षांतील मलंकारा चर्चचा वाद १९५८, १९९५ आणि २०१७ अशा तीन वेळा सर्वोच्च न्यायालयात निर्णीत झाला. ३ जुलै २०१७ च्या निकालाने त्या चर्चची १९३४ ची घटनाच कारभाराला लागू असल्याचे पुन्हा सांगितले. तरीही अनेक ठिकाणी अंमलबजावणीवरून तणाव कायम राहिला. निकालाने हक्क ठरला. पण एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली माणसे जवळ आली नाहीत.

निकालानंतर काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर पुढे अपील नाही. अनुच्छेद १३७ अन्वये ३० दिवसांत पुनर्विलोकन याचिका करता येते. ती बहुधा खुल्या सुनावणीविना न्यायाधीशांच्या दालनात विचारात घेतली जाते आणि उघड चूक दाखविल्याशिवाय मंजूर होत नाही. त्यानंतरचा अतिशय अरुंद मार्ग म्हणजे क्युरेटिव्ह याचिका. तो २००२ साली न्यायालयाने एका दांपत्याच्या घटस्फोटाच्या प्रकरणातूनच निर्माण केला.

अनुच्छेद १४२ अन्वये संपूर्ण न्याय करण्यासाठी विशेष आदेश देण्याचा अधिकारही ह्या न्यायालयाला आहे. पुन्हा जुळण्याची आशा उरलेली नाही अशा विवाहात ह्या अधिकाराने घटस्फोट देता येतो, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने १ मे २०२३ रोजी सांगितले. परंतु तो पक्षकाराचा हक्क नव्हे.

निकाल लागल्यावर प्रत्यक्ष ताबा किंवा रक्कम मिळविण्यासाठी खालच्या न्यायालयात दरखास्त दाखल करावी लागते. दिल्लीतील निकालपत्राने कुलूप आपोआप उघडत नाही.

पक्षकारांसाठी काही सूचना

१. मुदत पाळा. जिल्हा न्यायालयातील अपिलासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयातील अपिलासाठी ९० दिवस आणि विशेष अनुमती याचिकेसाठी उच्च न्यायालयाच्या निर्णयापासून ९० दिवस, अशी सर्वसाधारण मुदत आहे. विलंब माफ होऊ शकतो. पण त्यासाठी पटण्याजोगे कारण द्यावे लागते.

२. केवळ अपील दाखल केल्याने खालच्या हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. स्थगितीचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

३. आपल्या बाजूने निकाल लागला असेल आणि दुसरा पक्ष वर जाण्याची शक्यता असेल, तर कॅव्हेट दाखल करावे. म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी अंतरिम आदेश होत नाही. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते.

४. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार 'अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड' म्हणून नोंद असलेल्या वकिलालाच आहे. त्यांचे नाव व शुल्क आधी स्पष्ट करून घ्यावे आणि कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये.

५. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयासाठी ह्याकरिता स्वतंत्र विधी सेवा समिती आहे.

६. "ह्यात कायद्याचा कोणता प्रश्न आहे?" हे आपल्या वकिलाला स्पष्टपणे विचारा. ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळत नसेल, तर दिल्लीच्या प्रवासाचा पुनर्विचार करा.

समारोप

ह्या लेखात उल्लेखिलेल्या निकालांमागे कोणी तरी दीर्घकाळ झळ सोसली आहे. त्या झळेतून लेकींना समान वाटा मिळाला, एकट्या मातेला मान मिळाला, मृत्युपत्र करणाऱ्याला स्वातंत्र्य मिळाले. तत्त्वासाठी, दुर्बलाच्या हक्कासाठी न्यायालयात जाणे ह्यात काहीही गैर नाही. परंतु दोन हात जमिनीसाठी किंवा केवळ भावाला नमविण्यासाठी चाललेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाला सांगण्यासारखे काही नसते, आणि तोवर दोन्ही घरांची एक पिढी खर्ची पडलेली असते.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती बांधवांना आपसातील वाद आपसातच मिटविण्याचा आग्रह केला होता. आजचा कायदाही त्याच दिशेने हात पुढे करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९, लोकन्यायालये आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा ह्यांद्वारे तडजोडीला कायद्याचे बळ मिळते. लोकन्यायालयात झालेल्या तडजोडीवर अपील नसते, कारण तेथे कोणीही हरलेला नसतो. २०२४ साली आपल्या स्थापनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै ते ३ ऑगस्ट ह्या काळात विशेष लोकन्यायालय भरविले होते. ज्या न्यायालयाचा शब्द देशात अखेरचा, त्यानेच पक्षकारांना समोरासमोर बसून बोलण्याचे निमंत्रण दिले. बाकावर बसून फाईल उघडणाऱ्या प्रत्येकाने ते निमंत्रण आधी स्वीकारून पाहावे.